भाऊ परत बोटीवर निघालाय. युद्ध जाहीर नाही म्हणतात, मग हे नक्की काय चाललंय?

लालबागची_ताई:

नमस्कार. इथं बरेच जण मर्चंट नेव्हीतले आणि बंदराच्या कामातले आहेत म्हणून विचारतेय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ थर्ड ऑफिसर आहे. सात महिन्यांचा कॉन्ट्रॅक्ट संपवून घरी आला, आता परत एजन्सीचा फोन. प्रॉडक्ट टँकर, जॉइनिंग यूएईतल्या फुजैरा बंदराला, आखातातून डिझेल नि जेट फ्युएल भरायचं आणि युरोपकडे. शुक्रवारपर्यंत हो की नाही कळवा म्हणतायत. पगार चांगला आहे, बदलापूरच्या फ्लॅटचे हप्ते त्याच्यावरच आहेत, त्यामुळे नको जाऊ म्हणणं तोंडातून निघत नाही आणि जा म्हणणंही निघत नाही.

मागच्या कॉन्ट्रॅक्टचं त्यानं आईला काहीच सांगितलेलं नाही. मला परवा रात्री गच्चीवर सांगितलं. होर्मुझजवळ असताना त्याची आठ ते बाराची वॉच, म्हणजे पाळी, होती आणि ईसीडिसवर, म्हणजे स्क्रीनवरच्या नकाशावर, त्यांचं जहाज एकदम जमिनीवर दिसायला लागलं, वाळवंटात. बाहेर पूर्ण काळोख, आजूबाजूला दहा-बारा जहाजं, व्हीएचएफवर सगळे एकमेकांना विचारतायत की तुमचं जीपीएस बरोबर दाखवतंय का, आणि कुणाचंच बरोबर नव्हतं. कॅप्टन धावत वर आला, मग रडारवर बेअरिंग घेत घेत आणि खिडकीतून नुसत्या डोळ्यांनी बघत त्यांनी चार तास काढले. हे सांगताना तो हसत होता पण हातातला चहा तसाच गार झाला, प्यायलाच नाही.

आणि आईचं वेगळंच. तिला कुणीतरी जहाज दाखवणारं अ‍ॅप टाकून दिलंय. भाकरी तव्यावर आणि एक डोळा त्या ठिपक्यावर. लाल समुद्राजवळ ठिपका गायब झाला तेव्हा दोन दिवस तिनं नीट खाल्लं नाही. नंतर कळलं की तिथं हल्ल्याच्या भीतीनं जहाजं स्वतःच एआयएस, म्हणजे आपली जागा कळवणारं यंत्र, बंद करतात.

तर माझे प्रश्न. एक, रशिया असो अमेरिका असो चीन असो इराण असो, कुणी कुणाशी युद्ध जाहीर केलेलं नाही, तरी जहाजं पेटतायत, पकडली जातायत, मग याला म्हणायचं काय? दोन, युद्ध जाहीर नाही म्हणून माझ्या भावाला नकार द्यायचा हक्क उरतच नाही का? एजन्सीवाला तसंच बोलला, "वॉर कुठंय, मॅडम?" त्या वाक्यावर मी अडकलेय.

---

बॅलार्ड_इस्टेट:

ताई, मी मरीन इन्शुरन्समध्ये आहे, फोर्टात, पंधरा वर्षं झाली. तुमच्या एजन्सीवाल्याला एकच विचारा, वॉर नाहीये तर मालक वॉर रिस्कचा प्रीमियम का भरतो?

कसं असतं सांगतो. जहाजाचा नेहमीचा विमा वेगळा आणि युद्धाचा वेगळा. लंडनमध्ये जॉइंट वॉर कमिटी म्हणून आहे, ती धोक्याच्या समुद्रांची यादी काढते. त्या यादीतल्या पाण्यात शिरायचं तर मालकानं आधी विमावाल्यांना कळवायचं आणि साधारण सात दिवसांसाठी जादा पैसे भरायचे. २०२४ च्या सुरुवातीला लाल समुद्रासाठी हा दर जहाजाच्या किमतीच्या ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला होता. म्हणजे जहाज १० कोटी डॉलरचं धरलं तर एका फेरीला १० लाख डॉलर, फक्त तिथून जायचे! एवढे पैसे शांततेसाठी कुणी भरत नाही.

आता तुमच्या पहिल्या प्रश्नाचं. युद्धाच्या पॉलिसीत एक जुनं कलम असतं, पाच देशांचं. ब्रिटन, अमेरिका, फ्रान्स, रशिया, चीन यांच्यापैकी कुठल्याही दोघांत युद्ध सुरू झालं तर हा विमा त्या क्षणी आपोआप संपतो, आणि त्यातच स्पष्ट लिहिलेलं असतं की युद्ध जाहीर झालेलं असो वा नसो. मी हे कलम कामाला लागल्यावर पहिल्याच महिन्यात वाचलं होतं आणि तेव्हा वाटलं होतं ही कुठल्या काळातली गोष्ट. आता दर नूतनीकरणाला क्लायंट त्या ओळीवर बोट ठेवतात.

म्हणून मला वाटतं की युद्ध हा शब्द कुणालाच नकोय. सरकारांना नको कारण मग करार, मित्रदेश, सगळं अंगावर येतं, आणि बाजाराला नको कारण मग विमाच उरत नाही आणि विमा नसला की बँक नाही, बंदर नाही, माल नाही. मग "घटना" म्हणायचं, "तणाव" म्हणायचं. शब्द सगळ्यांनी वाचवला आणि धोका गेला जहाजाच्या ब्रिजवर उभ्या असलेल्या पोराकडे. मला याचा मनापासून राग येतो.

दुसऱ्या प्रश्नाचं सविस्तर रात्री लिहितो, ऑफिसात आहे. तोवर भावाच्या कॉन्ट्रॅक्टवर आयबीएफ असं लिहिलंय का ते बघून ठेवा, ते काय ते रात्री सांगतो.

---

दादर_वाचनालय:

मी एमए पॉलिटिक्सचा विद्यार्थी, समुद्रावर कधी गेलेलो नाही, पण दोन वर्षं हाच विषय वाचतोय म्हणून थोडं.

याला ग्रे झोन म्हणतात. शांतताही नाही, युद्धही नाही. दक्षिण चीन समुद्रात बघा. सेकंड थॉमस शोल नावाच्या उथळ जागेवर फिलिपिन्सनं १९९९ मध्ये एक जुनी युद्धनौका मुद्दाम वाळूवर चढवून ठेवली, आजही सैनिक त्या गंजलेल्या जहाजावर राहतात. त्यांना डाळ-तांदूळ न्यायला बोटी जातात आणि २०२४ च्या मध्यापर्यंत चीनचा कोस्टगार्ड त्या अडवायचा, पाण्याचे फवारे मारायचा, धडका द्यायचा. गोळी मात्र झाडली नाही. कारण फिलिपिन्स आणि अमेरिका यांचा १९५१ चा संरक्षण करार आहे, हल्ला झाला तर अमेरिकेला उतरावं लागेल. फिलिपिन्सचे अध्यक्ष मार्कोस यांनी मे २०२४ मध्ये सिंगापूरला जाहीर सांगितलं की आमचा एकही माणूस जाणूनबुजून मारला गेला तर ते युद्धाच्या कृत्याच्या अगदी जवळचं समजू. त्यानंतर १७ जूनला चिनी माणसं कुऱ्हाडी-चाकू घेऊन फिलिपिन्सच्या रबरी बोटींवर आली, आणि त्या झटापटीत फिलिपिन्सच्या एका नौसैनिकाचा अंगठा तुटला. अंगठा गेला, जीव नाही गेला, म्हणून ते युद्ध नव्हतं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक मिटून बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो होतो.

ताई, "वॉर कुठंय" याचं उत्तर म्हणजे तो अंगठा.

---

पवई_१९९०:

मला वाटतं आपण जरा जास्त घाबरवतोय त्यांना. रोज हजारो जहाजं सुखरूप जातात, आपल्या लाखो मुलांचं पोट त्यावर आहे. मोठे देश एकमेकांशी थेट भिडणार नाहीत, सगळ्यांकडे अणुबॉम्ब आहेत. न्यूज चॅनल बघून करिअर सोडू नका एवढंच म्हणेन.

---

जुना_चीफ:

पवईकर, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मोठे भिडत नाहीत. ते शेजाऱ्याच्या अंगणात भिडतात आणि अंगण असतं आमचं.

ताई, मी ३६ वर्षं समुद्रावर काढली, चीफ इंजिनिअर म्हणून निवृत्त, आता मुलुंडला असतो. १९८७ मध्ये मी फोर्थ इंजिनिअर होतो, लग्नाला वर्ष झालं होतं, आणि आमचं जहाज इराणच्या लारक बेटाशी क्रूड घ्यायला जायचं. इराण-इराक लढत होते, त्यांचं युद्ध होतं, आमचं नव्हतं. पण इराक इराणचं तेल नेणाऱ्यांना मारायचा आणि इराण इराकच्या मित्रांचं तेल नेणाऱ्यांना. त्या काही वर्षांत चारशेच्या वर व्यापारी जहाजांवर हल्ले झाले आणि खलाशी मेले तेही चारशेच्या वर. आमच्यासारखेच, कुणी फिलिपिनो, कुणी कोरियन, कुणी आपले कोकणातले.

काय करायचो आम्ही? केबिनमध्ये झोपायचं सोडून दिलं होतं. वॉटरलाइनच्या जवळ कुणालाच झोप यायची नाही, म्हणून गाद्या वर आणल्या, अकोमोडेशनच्या, म्हणजे राहायच्या खोल्यांच्या, मागच्या बाजूला अ‍ॅलीवेमध्ये, म्हणजे बोळात, ओळीनं पडायचो, लाइफ जॅकेट उशाला. पोर्टहोलचे डेडलाइट, म्हणजे गोल खिडक्यांची लोखंडी झाकणं, पक्की, बाहेर उजेडाचा कण जाता कामा नये. मी खाली इंजिन रूममध्ये वॉचला असलो की सगळ्यात वाईट वाटायचं ते आवाजानं, कारण इतक्या आवाजात वर काय झालं ते कळायचंच नाही. बाहेर काहीतरी होईल आणि आपल्याला पहिली खबर पाण्यानं लागेल हीच भीती. मग आम्ही टेलिफोनला एक दिवा जोडला, ब्रिजवरून कुणी रिंग केलं की दिवा लागायचा. त्या दिव्याकडे बघत बघत चार तास काढायचे. अजूनही घरात लाल दिवा लुकलुकला की माझी मान आपोआप वळते.

रात्री रेडिओवर चॅनल १६ वर इराणी गनबोट विचारायची, जहाजाचं नाव, माल काय, जायचं कुठं. कॅप्टन शांतपणे उत्तर द्यायचा आणि मग पलीकडून काहीच यायचं नाही. तो मधला वेळ.

मोठ्यांचं म्हणाल तर अमेरिका तेव्हा टँकरचं रक्षण करायला आली. जुलै १९८७ मध्ये त्यांच्या पहिल्याच ताफ्यातला ब्रिजटन नावाचा टँकर सुरुंगावर गेला. टँकरचा पत्रा जाड, तो चालत राहिला, पण युद्धनौकांचा पत्रा पातळ, त्यांना एक सुरुंग पुरला असता. मग रक्षण करायला आलेल्या युद्धनौका त्या फुटक्या टँकरच्या मागं मागं गेल्या! हे आम्ही रेडिओवर ऐकलं आणि मेसमध्ये कुणी बोललं नाही. पुढं १८ एप्रिल १९८८ ला अमेरिका आणि इराण एक दिवसभर समुद्रात सरळ लढले, इराणची सहंद नावाची युद्धनौका बुडाली, आणि युद्ध जाहीर झालेलं नव्हतं. जुलैत अमेरिकेच्या विन्सेन्स युद्धनौकेनं इराणचं प्रवासी विमान पाडलं, २९० माणसं गेली, तेव्हाही जाहीर नव्हतं.

भावाला सांगा, घाबरणं ही लाजेची गोष्ट नाही. मी कॅप्टनला जाऊन सांगितलं होतं की साहेब मला पुढची ट्रिप नको. त्यानं उतरवलं. एजन्सीनं पुढं आठ महिने फोन उचलला नाही, तेही सांगतो, लपवत नाही. बायकोच्या बांगड्या गहाण पडल्या. पण मी आज हे टाइप करतोय.

---

उरणकर:

मी न्हावाशेव्याला सीएचएकडे, म्हणजे कस्टममधून माल सोडवणाऱ्या एजंटकडे, आहे. दूरचं वाटतं पण दूरचं नाहीये हे.

१३ एप्रिल २०२४ ला इराणी कमांडो हेलिकॉप्टरमधून दोरावरून उतरले ते एमएससी एरीज न्हावाशेव्याकडेच येत होतं. २५ जणांच्या क्रूमध्ये १७ आपले. आमच्या सिस्टीममध्ये त्याच्यावरच्या कंटेनरांची नोंद होती, पार्टीचे फोनवर फोन, माल कधी येणार, आणि आम्ही काय सांगणार. त्याच्या आधी डिसेंबर २०२३ मध्ये केम प्लूटो नावाच्या टँकरवर, वेरावळपासून साधारण २०० सागरी मैलांवर, ड्रोन येऊन धडकला. अमेरिका म्हणाली इराणमधून सोडला, इराण म्हणाला आम्ही नाही, विषय संपला. ते जहाज २५ डिसेंबरला मुंबईबाहेर येऊन नांगरलं.

द्राक्षवाल्यांचं तर विचारू नका. लाल समुद्र बंद म्हणजे केपला, आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, वळसा, दहा ते चौदा दिवस जास्त. द्राक्ष काय लोखंड आहे का तेवढा वेळ थांबायला? नाशिकचा एक शेतकरी माझ्या टेबलासमोर बसून म्हणाला, "माझं भांडण कुणाशी आहे ते तरी सांगा."

---

वेसावकर:

उरणकरनं सांगितलं त्यात आमच्याकडचं एक जोडतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी लाल समुद्राजवळ रुबीमार नावाचं जहाज फोडलं, ते बुडायच्या आधी नांगर ओढत वाहत गेलं आणि समुद्राच्या तळाच्या इंटरनेटच्या तीन केबल त्यानं तुटल्या असं मानतात, त्या मुंबईपर्यंत येणाऱ्या होत्या. आमच्या वर्सोव्याच्या किनाऱ्याला अशा कितीतरी केबल वर येतात, आम्हा कोळ्यांना लहानपणापासून सांगितलेलं असतं की अमुक पट्ट्यात नांगर टाकायचा नाय. तिकडं उत्तर युरोपात बाल्टिक समुद्रात तर जहाजं नांगर ओढत केबल तोडतात असे आरोप चाललेत. नांगर हे हत्यार होईल असं माझ्या आज्याला सांगितलं असतं तर त्याला खरं वाटलं नसतं.

---

बॅलार्ड_इस्टेट:

आलो परत. चीफ साहेब, तुमचं वाचून थोडा वेळ काही सुचलं नाही.

ताई, नकाराचा हक्क. आयबीएफ म्हणजे युनियन आणि मालक यांच्या आंतरराष्ट्रीय वाटाघाटींचं व्यासपीठ, आणि तिथं ठरलेला करार. जहाज त्याखाली असेल आणि मार्ग त्यांच्या "युद्धसदृश कारवाई क्षेत्रा"त जात असेल (दक्षिण लाल समुद्र आणि एडनचं आखात २०२४ मध्ये त्यात आलं) तर खलाशी तिथं जायला नाही म्हणू शकतो. कंपनीनं स्वतःच्या खर्चानं घरी सोडायचं, वर दोन महिन्यांच्या बेसिकइतकी भरपाई, आणि नोकरी जाता कामा नये. नकार न देता तिथं गेला तर तेवढ्या दिवसांचं बेसिक दुप्पट, किमान पाच दिवसांचं, आणि मृत्यू किंवा अपंगत्वाची रक्कम दुप्पट. लक्षात घ्या, सगळं बेसिकवर आहे, हातात येणाऱ्या आकड्यावर नाही. आणि यात युद्ध जाहीर झालं पाहिजे असं कुठंही नाही, क्षेत्र यादीत असलं की झालं. यादी बदलत असते, म्हणून निघायच्या दिवशीची बघायची.

पण जहाज आयबीएफखाली नसेल तर हे सगळं आपोआप मिळत नाही. म्हणून सही करायच्या आधी ईमेलवर लेखी मागा. जहाजाचा आयएमओ नंबर (जहाजाचा ओळख क्रमांक), झेंडा कुठला, पी अँड आय क्लब (मालकांचा विमा संघ) कुठला, एजन्सीचा आरपीएसएल नंबर (खलाशी भरतीचा परवाना), आणि धोक्याच्या क्षेत्रात जायला नकार दिला तर काय.

अजून एक, जे बहुतेकांना माहीत नसतं. चाच्यांनी पकडलं तर सुटेपर्यंत पगार चालू ठेवायचा असं एमएलसीमध्ये, म्हणजे खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारात, डिसेंबर २०२० पासून आहे. पण ते चाचे आणि सशस्त्र दरोड्यासाठी. एखाद्या देशाच्या नौदलानं पकडून ठेवलं तर काय, ते कॉन्ट्रॅक्टमध्ये स्वतंत्र लिहून घ्या.

क्लब आणि झेंडा का विचारायचा तेही सांगतो. निर्बंध चुकवून तेल नेणारे जुने टँकर असतात, शॅडो फ्लीट म्हणतात. डिसेंबर २०२४ मध्ये फिनलंडनं ईगल एस नावाचा असा टँकर पकडला, समुद्राखालची वीजवाहिनी तोडल्याच्या संशयावरून. कॅप्टनसोबत दोन अधिकाऱ्यांवर खटला भरला, त्यात एक आपला भारतीय. ऑक्टोबर २०२५ मध्ये हेलसिंकीच्या कोर्टानं हे आमच्या अधिकारक्षेत्रात येत नाही म्हणून केस काढून टाकली, पण मधले महिने त्या माणसाला कोण परत देणार? मोठ्यांच्या भांडणात गुन्हेगार म्हणून कठड्यात उभा राहिला तो वॉच ठेवणारा ऑफिसर. तुमचा भाऊही ऑफिसरच आहे.

---

हर्णैची_सून:

ताई, माझे मिस्टर बोसन आहेत, डेकवरच्या खलाशांचे मुकादम. तुम्हाला एकच सांगते, घरच्यांनीही आधी ठरवून ठेवा. आमचं ठरलंय, धोक्याच्या पट्ट्यात शिरायच्या आधी ते "भात लावला" असा मेसेज टाकतात आणि बाहेर पडले की "भात जेवलो". मधे ठिपका दिसो न दिसो, मी अ‍ॅप उघडतच नाही. सासूबाईंना मोबाईलवर ते कधीच दाखवू नका. तुमच्या आईच्या फोनमधून काढून टाका ते, आजच. आणि भाऊ गेलाच तर त्याचा पासपोर्ट, सीडीसी (खलाशाचं सरकारी पुस्तक), कॉन्ट्रॅक्ट, कंपनीचा इमर्जन्सी नंबर, युनियनचा नंबर याचे फोटो तुमच्या फोनमध्ये ठेवा. आमच्या वाडीतल्या एकीचा नवरा परदेशात जहाजासकट अडकला तेव्हा तिच्याकडे जहाजाचं नावसुद्धा नव्हतं. डीजी शिपिंगला, म्हणजे सरकारच्या जहाज खात्याच्या कार्यालयात, कांजूरमार्गला गेली तर तिथं पहिलाच प्रश्न तो.

---

लालबागची_ताई:

सगळ्यांचे खूप आभार. काल रात्री भावाला बसवून सगळं वाचून दाखवलं. चीफ काकांचा दिव्याचा भाग आला तेव्हा तो म्हणाला थांब, आणि उठून आत गेला. परत आला आणि म्हणाला पुढं वाच.

आज सकाळी त्यानं स्वतः एजन्सीला मेल टाकला, बॅलार्ड दादांनी सांगितलेले सगळे प्रश्न. दुपारी तीन प्रश्नांची उत्तरं आली. आयएमओ नंबर दिला, झेंडा दिला, क्लब नावाजलेला आहे. नकार दिला तर काय आणि देशानं पकडलं तर पगाराचं काय, या दोन्हींवर "फोनवर बोलू" असं आलं. भावानं लगेच परत लिहिलं, फोनवर नको, लेखी द्या, ते येईपर्यंत मी सही करणार नाही. मेल पाठवायच्या आधी त्यानं मला वाचायला दिला, मी एक स्वल्पविराम घातला फक्त.

आईच्या फोनमधलं अ‍ॅप मी काढायला गेले तर तिनं फोन हिसकावला. म्हणाली ठिपका दिसत नाही तेव्हाही मला तिथंच बघायचं असतं. मग ठेवलं. शब्द मात्र ठरवलेत. आमच्याकडे "मेतकूट संपलं" आणि "मेतकूट आहे".

शुक्रवार परवा आहे. उत्तर आलं की इथंच लिहिते.